सांध्याशेजारची पट्टी

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायची म्हणजे लोहाराला दोनदा विस्तव करावा लागे. एकदा लोखंडी पट्टीची दोन टोके जोडून तिचे कडे करायला आणि दुसऱ्यांदा ते कडे लाल करून लाकडी चाकावर बसवायला. हे दुसरे काम बघायला गाव जमे. गोवऱ्यांच्या आगीतून सांडशीने उचललेले कडे, लाकडाला लागताच उठणारा धूर, वरून ओतलेले पाणी, आवळत जाणाऱ्या चाकाची करकर. कारागिराची खरी परीक्षा मात्र पहिल्या कामात होती आणि ते भात्याजवळ, फारसे कुणी बघत नसताना उरके.

पट्टीची टोके ठोकून तिरकी, पातळ करायची. कोळशात पांढरी होईतो तापवायची. वर बारीक वाळू किंवा टाकणखार टाकायचा, म्हणजे तापल्या लोखंडावर धरलेली काळी पापडी वितळून वाहून जाते. ठिणग्या उडू लागल्या की टोकावर टोक ठेवून घण मारायचे. लवकर काढले तर टोके चिकटत नाहीत, उशीर झाला तर लोखंड जळते. मधला अवकाश काही सेकंदांचा. तापमान मोजायला डोळ्याखेरीज काही नाही. लोखंड इथे वितळत नाही. मऊ, स्वच्छ झालेले दोन पृष्ठभाग दाबाने एकजीव होतात. हे फार जुने वेल्डिंग.

ही विद्या आपल्याकडे किती जुनी आहे ते मराठवाड्यातल्या एका रस्त्यावर कळते. जालन्याहून भोकरदनकडे जाताना राजूरचा गणपती मागे पडला की पुढे पूर्णेकाठी केदारखेडा लागते. या खोऱ्याची लोखंडाशी ओळख जुनी आहे. रस्ता पुढे ज्या भोकरदनला जातो ते प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर कोरलेल्या दात्यांच्या नावांत भोगवर्धनचे रहिवासी आहेत. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथे उत्खनन केले तेव्हा सातवाहनकाळातल्या भरभराटीच्या गावाचे थर उघडे पडले. त्यात घडीव लोखंडाच्या वस्तूही होत्या. विदर्भात नागपूरजवळ नायकुंड येथे तर त्याच्याही कितीतरी शतके आधीची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. दिल्लीचा सहा टनांहून जड लोहस्तंभ हा ओतलेला नाही. तो लोखंडाचे तापलेले गोळे एकमेकांवर ठोकून, सांधून वाढवत नेला आहे. धावेचे कडे आणि तो स्तंभ यांमागची विद्या एकच.

ही विद्या इतकी शतके निभावली याचे एक कारण त्या लोखंडातच होते. जुन्या भट्टीतल्या घडीव लोखंडात कार्बन जवळजवळ नसे. तापवा, ठोका, पाण्यात बुडवा. त्याच्या स्वभावात फारसा फरक पडत नसे. लोहाराची चूक ते पोटात घाली. कोयत्याला किंवा कुऱ्हाडीला पाते हवे असेल तेव्हा कार्बन असलेले पोलाद वेगळे आणून मऊ लोखंडात सांधायचे आणि धारेपुरतेच पाणी द्यायचे, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून ती कठीण करायची, हे तो जाणून होता. कुठल्या लोखंडाला पाणी चढते आणि कुठल्याला नाही, हा भेद त्याला हाताने ठाऊक होता. पुढे जे घडले त्यात हा भेदच विसरला गेला. म्हणून हा इतिहास सांगायचा.

१९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाड ते सिकंदराबाद अशी मीटरगेज रेल्वे धावू लागली आणि जालना तिच्यावर आले. कापूस आणि धान्य बाहेर जाऊ लागले, गिरणीत लाटलेले पोलाद आत येऊ लागले. आत काय आले हे पाहायचे तर थोडे वळण घेऊन इंग्लंडातल्या शेफील्डला जायला हवे. तिथे १८६० च्या दशकात हेन्री क्लिफ्टन सॉर्बी या हौशी अभ्यासकाने पोलादाचा तुकडा आरशासारखा घासून, सौम्य आम्लाने चरवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तोवर धातू म्हणजे आतून सलग, निराकार असा समज होता. सॉर्बीला दिसले कण. काही पांढरे, काहींत अतिबारीक काळेपांढरे पट्टे. पांढरे कण म्हणजे जवळपास शुद्ध लोखंड, त्याला पुढे फेराइट म्हणू लागले. पट्ट्यांचे ते पर्लाइट. त्यात लोखंड आणि लोखंड-कार्बनचे कठीण संयुग यांचे थर आलटूनपालटून असतात. साधे पोलाद या दोघांचे बनलेले असते. पहिल्यामुळे ते वाकते, दुसऱ्यामुळे त्याला ताकद येते.

हेच पोलाद साधारण साडेसातशे ते नऊशे अंशांपर्यंत तापले की आतली सगळी रचना मोडते आणि नवे कण तयार होतात. त्यांना ऑस्टेनाइट म्हणतात. त्यात कार्बन सहज विरघळून राहतो. मग पुढचे सगळे थंड होण्याच्या वेगावर. सावकाश थंड केले तर कार्बनला सरकायला वेळ मिळतो, फेराइट आणि पर्लाइट परत येतात. झटक्यात थंड केले तर कार्बन जागच्या जागी अडकतो आणि ताणलेली, सुईसारखी, अतिशय कठीण रचना तयार होते. जर्मन अभ्यासक अडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून तिला मार्टेन्साइट म्हणतात. कोयत्याच्या धारेत लोहार जे उतरवत असे ते हेच. ती कठीण असते, पण लवचीक नसते. ताण आला की वाकण्याऐवजी तडकते. पुन्हा मध्यम आचेवर तापवली तर तिचा ठिसूळपणा जातो आणि बरीचशी ताकद उरते.

एवढे ध्यानात ठेवले की वेल्डिंगचा सगळा इतिहास उलगडतो. कारण वेल्डिंग म्हणजे पोलादाच्या एका अरुंद जागेवर केलेला तापण्याचा आणि थंड होण्याचा प्रयोग. तो करणाऱ्याला माहीत असो वा नसो.

१८८० च्या दशकात रशियात निकोलाय बेनार्दोस यांनी कार्बनच्या कांडीने विजेचा लोळ पाडून धातू वितळवला. लवकरच निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली, म्हणजे कांडी वितळून सांध्यात भरू लागली. पण उघड्या हवेत वितळणारे लोखंड प्राणवायू आणि नत्रवायू शोषून घेई, सांधा पोकळ आणि ठिसूळ होई. स्वीडनमध्ये ऑस्कर शेलबेरी यांनी बाष्पकांच्या दुरुस्तीच्या कामातून त्यावर तोड काढली आणि १९०७ च्या सुमारास लेप दिलेल्या कांडीचे पेटंट घेतले. लेप जळून वायूचे कवच तयार करतो, उरलेला वितळून मळीच्या रूपाने सांध्यावर पसरतो आणि त्याला सावकाश निवू देतो. आज गावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात रॉड मारून झाल्यावर छन्नीने जी खपली उडवतात, ती शेलबेरींची देणगी. धावेच्या सांध्यावर टाकलेल्या वाळूने जे काम केले, तेच हा लेप करतो.

लोळाचे तापमान हजारो अंशांचे, पोलाद वितळते पंधराशेच्या आसपास. कांडी पुढे सरकते, मागचे तळे काही सेकंदांत थिजते. डोळ्यांना दिसतो तो थिजलेला माळेसारखा सांधा, आणि माणसे त्याच्यावरूनच वेल्डरची पारख करतात. पण माळेच्या दोन्ही बाजूंना काही मिलिमीटरची एक पट्टी असते. ती वितळलेली नसते, म्हणून डोळ्यांना जुनीच दिसते. ती जवळजवळ वितळण्याइतकी तापून गेलेली असते. माळेला चिकटून असलेल्या भागात कण फुगून मोठे होतात. मोठ्या कणांचे पोलाद चिवट राहत नाही. त्यापलीकडे कण उलट बारीक आणि चांगले होतात. त्याहून पलीकडे अर्धवट बदल होतो. आणि ही सगळी उष्णता शेजारचे थंड पोलाद ओढून घेत असते, जणू तापलेली धार पाण्यात बुडवावी तशी. पोलादात कार्बन जास्त असेल, जाडी जास्त असेल आणि माळ छोटी असेल, तर त्या पट्टीत मार्टेन्साइट होते. कुणीही मुद्दाम न चढवलेले पाणी.

जगाला ही पट्टी समजायला मोठी किंमत मोजावी लागली. पहिल्या महायुद्धानंतर रिव्हेट मागे पडू लागले. वेल्डिंगने वजन वाचे, वेळ वाचे, भोके पाडावी लागत नसत. बेल्जियमने अल्बर्ट कालव्यावर वेल्डिंगचे पूल उभारले. त्यांतला हॅसेल्टचा पूल १४ मार्च १९३८ च्या थंड सकाळी, वापरात येऊन फार काळ झाला नसताना, मोठा आवाज करून तडकला. लोक आणि ट्राम पलीकडे निघून जायला अवधी मिळाला. सहाएक मिनिटांत पूल तुटून कालव्यात पडला. सांध्यांजवळ साठलेला ताण, ठिसूळपणाकडे झुकणारे पोलाद आणि थंडी, तिन्ही एकत्र आले होते. रिव्हेटच्या पुलात तडा एका पाटाच्या, म्हणजे पोलादी प्लेटच्या, कडेला येऊन थांबतो. वेल्डिंगच्या पुलात पाटाला कडच नसते. एका टोकाला सुरू झालेला तडा दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा धावतो.

लगेच दुसरे महायुद्ध आले. अमेरिकेने २,७१० लिबर्टी जहाजे बांधली, बहुतेक सांधे वेल्डिंगचे, कित्येक वेल्डर काही आठवड्यांपूर्वी शेतावर किंवा दुकानात काम करणारे. १६ जानेवारी १९४३ च्या रात्री ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या धक्क्याला, शांत पाण्यात, स्कनेक्टडी हे तेलवाहू जहाज मधोमध दुभंगले. ते नुकतेच चाचण्या पार करून आले होते. वादळ नव्हते, पाणसुरुंग नव्हता. आवाज मैलभर ऐकू गेला. लिबर्टी जहाजांतही कितीतरी तडे निघाले, काही जहाजे सबंध तुटली.

दोष साहजिकच वेल्डरांवर आला. केंब्रिज विद्यापीठात धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी मात्र पाटांचे नमुने वेगवेगळ्या तापमानांना तोडून पाहिले आणि दाखवून दिले की ते पोलाद एका मर्यादेपेक्षा थंड झाले की चिवटपणा सोडते. मर्यादेच्या वर ते ताणून तुटते, खाली काचेसारखे फुटते. वेल्डिंगने तड्याला रस्ता दिला होता, डेकमधल्या चौकोनी तोंडांच्या कोपऱ्यांनी त्याला सुरुवात करून दिली होती. पण फुटले ते पोलाद. या निष्कर्षाचे मोल मला फार मोठे वाटते. तोपर्यंत सांधा आणि पोलाद यांचा विचार वेगवेगळा होत असे. टिपर यांच्यानंतर, पोलाद काय आहे हे न विचारता वेल्डिंग कसे झाले हे विचारणे निरर्थक ठरले.

तरीही चुका थांबल्या नाहीत. १० जुलै १९६२ रोजी मेलबर्नचा किंग्ज ब्रिज एका अवजड ट्रेलरखाली खचला. जास्त ताकदीच्या पोलादात, नेमक्या सांध्याशेजारच्या पट्टीत, बारीक तडे आधीपासूनच होते. त्यातला एक गुन्हेगार हायड्रोजन. ओलसर कांडीतल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वितळल्या धातूत शिरतो, शेजारच्या कठीण पट्टीत जाऊन बसतो आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, तिला आतून तडकवतो. संध्याकाळी तपासलेला सांधा धड असतो आणि दुसऱ्या दिवशी तो तसा राहिलेला नसतो.

मराठवाड्यात वेल्डिंग आले ते स्वातंत्र्यानंतर. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, त्यानंतरच्या दोन दशकांत गावोगाव वीज पोचली. मधल्या काळात देशात वेल्डिंग रॉड बनू लागले होते. मुंबईत अडवाणी-ओर्लिकॉन ही कंपनी १९५१ साली स्विस सहकार्याने उभी राहिली. पूर्णा नदीवरच, केदारखेड्याच्या कितीतरी खाली, १९६० च्या दशकात येलदरीचे धरण झाले. त्याच्यासारख्या कामांवरचे दरवाजे आणि नळ हे पोलादी पाट जोडूनच तयार होतात. अशी मोठी कामे ही त्या पिढीच्या वेल्डरांची शाळा होती. गावात मात्र ही कला आली ती ट्रान्सफॉर्मरचा डबा, होल्डर, अर्थिंगची तार आणि काळी काच एवढ्या भांडवलावर.

या दुकानांनी ग्रामीण महाराष्ट्र उभा केला, हे कृतज्ञतेने नोंदवायला हवे. नांगर, वखर, ट्रॉली, विहिरीवरची चौकट, पत्र्याच्या शेडचे कैचे, शाळेचे फाटक, सगळे तिथलेच. साध्या पोलादात कार्बन पाव टक्क्यापेक्षा कमी असतो आणि ते पूर्वीच्या घडीव लोखंडासारखेच क्षमाशील असते. म्हणून शिक्षणाशिवाय शिकलेले वेल्डिंगही निभावून गेले. अडचण आली ती वेगळे पोलाद टेबलावर आले तेव्हा. ट्रॉलीच्या कमानीचा पाटा तुटला की तो वेल्डिंग करून आणायची पद्धत पडली. पाट्याच्या पोलादात अर्धा टक्क्याहून जास्त कार्बन असतो. त्याला साध्या रॉडने माळ मारली तर शेजारच्या पट्टीत कडक मार्टेन्साइट तयार होते आणि भरली ट्रॉली पहिल्या खड्ड्यातून गेली की पाटा माळेला धक्का न लावता तिच्या अगदी शेजारून तुटतो. ‘वेल्डिंग पक्कं आहे, पाटाच खराब निघाला,’ असा निवाडा होतो. धार लावणाऱ्या लोहाराने असा पाटा हातात घेतला असता तर त्याने आधी विचारले असते, याला पाणी चढते का?

पण या गोष्टीचा खरा मध्य ट्रॉलीत नाही, घरात आहे. जालन्याचे नाव आज ज्या मालाशी जोडले गेले आहे तो माल म्हणजे सळई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मागास भागाला मिळणाऱ्या औद्योगिक सवलती आणि स्थानिक व्यापाऱ्यांची धडाडी यांतून इथे रोलिंग मिल उभ्या राहिल्या, मग भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आल्या. बियाण्यांसाठी ओळखले जाणारे शहर पोलादाचेही झाले. त्याच काळात सळईच्या स्वतःच्या तीन पिढ्या झाल्या.

पहिली पिढी गुळगुळीत गोल सळईची. साधे पोलाद, चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन ताण सोसून मग लांबायला लागणारे. हिची ताकद तिच्या घटकांतून आलेली असे, म्हणून तापवल्याने फारसे बिघडत नसे. जुन्या मिस्त्रींनी हिला बिनधास्त वेल्डिंग केले आणि बहुतेक वेळा ते टिकले.

दुसरी पिढी पिळाच्या सळईची. ‘टोर’ म्हणून जुने गवंडी अजून तिची आठवण काढतात. १९६० च्या दशकापासून ती देशात पसरली. साधी सळई थंड असताना दोन्ही टोकांना धरून पिळली की तिच्या कणांत असंख्य विकृती अडकतात, ती सहजासहजी लांबत नाही आणि ताकद ४१५ न्यूटनपर्यंत चढते. कमी लोखंडात जास्त काम. गरीब देशाला त्याचे मोल होते. पण ही ताकद पिळातून उसनी घेतलेली. वेल्डिंगची उष्णता लागली की त्या पट्टीतले पिळलेले कण मोडून नवे, निर्धास्त कण तयार होतात आणि सळई तेवढ्या जागी पुन्हा पहिल्या पिढीची होते. बाहेरून पीळ दिसत राहतो, आतली ताकद निघून गेलेली असते.

तिसरी पिढी टीएमटीची. १९७० च्या दशकात बेल्जियममध्येच, लिएजच्या धातुसंशोधन केंद्रात, सळई गिरणीतून बाहेर पडता पडता तिच्यावर पाण्याचा मारा करायची पद्धत विकसित झाली. जर्मनीतही तशीच दुसरी पद्धत आली. १९८५ सालच्या आयएस १७८६ या मानकाने पिळाची अट काढली आणि भारतात या सळईला वाट मोकळी झाली. जालन्याच्या मिलमध्ये हे घडताना पाहावे. भट्टीतून ओतलेल्या बिलेटची, म्हणजे पोलादाच्या ठोकळ्याची, लांबत लांबत सळई होते, शेवटच्या रोलरमधून ती हजारेक अंशांच्या लाल झळाळीत सुसाट निघते आणि पाण्याच्या नळकांड्यात शिरते. एखाददुसऱ्या सेकंदात बाहेर येते ती काळी पडलेली. पृष्ठभागाचे मार्टेन्साइट झालेले असते, गाभा अजून लाल असतो. मग थंड होण्याच्या लोखंडी मंचावर गाभ्याची उष्णता बाहेर येऊन त्या कडक कवचाला सहाशे अंशांच्या आसपास पुन्हा तापवते आणि त्याचा ठिसूळपणा घालवते. कवच कठीण पण चिवट, गाभा फेराइट-पर्लाइटचा मऊ. ५०० न्यूटनची ताकद आणि वाकण्याची तयारी, दोन्ही एका सळईत, महागडी मूलद्रव्ये न घालता. मला ही विसाव्या शतकातल्या सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. सळईचा छेद घासून सौम्य आम्लाने चरवला तर कडेचे काळसर कडे नुसत्या डोळ्यांनी दिसते. मिलच्या प्रयोगशाळेत रोज केली जाणारी ही चाचणी सॉर्बीच्या प्रयोगाचीच पुढची पायरी.

आता या सळईवर वेल्डिंग केले की काय होते ते पाहा. जास्त उष्णता दिली तर कवच त्या जागी पुन्हा ऑस्टेनाइट होऊन सावकाश निवते, म्हणजे साधे मऊ पोलाद बनते. छेदातल्या ज्या कड्यावर सगळी मदार होती तेच तुटते. कमी उष्णता दिली, नुसता ठिपका, म्हणजे टॅक, टेकवला, तर उलटे घडते. छोट्या ठिपक्याची उष्णता सबंध सळई क्षणात शोषते आणि तिथे मार्टेन्साइट होते, ज्याला परत तापवणारा कुणी नाही. शिवाय लोळाने पडलेली खाच. तड्याला हवे असते ते सगळे तिथे हजर. बांधकामावर सर्वांत निरुपद्रवी समजला जाणारा हा ठिपकाच सर्वांत घातक असतो.

भंगाराचा प्रश्न यात भर घालतो. इंडक्शन भट्टी मुळात वितळवण्याची भट्टी आहे. गंधक, फॉस्फरस, तांबे यांना ती सहज बाहेर काढत नाही. जे भंगारात आले ते सळईत उतरते, म्हणून भंगार निवडण्यावर आणि पुढच्या शुद्धीकरणावर सगळे अवलंबून. जुन्या रेल्वेच्या रुळासारखा माल पुन्हा लाटून केलेल्या सळईत कार्बन इतका असतो की तिला वेल्डिंग करणे धोक्याचेच. म्हणून आयएस १७८६ च्या २००८ च्या आवृत्तीने इतिहास माहीत नसलेला माल लाटून केलेली सळई अमान्य केली आहे. त्याच मानकात कार्बन आणि इतर घटक मिळून येणारा एक आकडा सांगितला आहे, कार्बनतुल्यांक. तो ०.४२ च्या वर असेल तर वेल्डिंग जपून करावे आणि कमी हायड्रोजनच्या रॉडने करावे असे त्यात म्हटले आहे. हे रॉड वापरण्याआधी ओव्हनमध्ये भाजून कोरडे करावे लागतात. पावसाळ्यात शेडच्या कोपऱ्यात उघडा पडलेला पुडा या कामाचा नाही.

हे सगळे अभ्यासकांपुरते राहिले असते. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत सुमारे आठ हजार माणसे गेली. ज्या भागाला भूकंपाचा सर्वांत कमी धोका मानला होता तिथे ६.२ तीव्रतेचा धक्का बसला आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी झोपलेल्या माणसांना गाडले. त्या दिवसापासून मराठवाड्याने दगड-मातीवरचा विश्वास काढून घेतला आणि तो स्लॅब-कॉलमवर, म्हणजे सळईवर ठेवला. साडेतीनच महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, कॅलिफोर्नियात नॉर्थरिजचा भूकंप झाला. तिथल्या पोलादी इमारती वाकून धक्का पचवतील असे गृहीत होते. तपासणीत शंभरहून अधिक इमारतींचे तुळई-खांबांचे वेल्डिंगचे सांधे तडकलेले निघाले. बाहेरून इमारती धड उभ्या होत्या. वर्षाने त्याच तारखेला जपानात कोबेलाही असेच तडे दिसले. पोलाद वाकेल हा भरवसा सांध्याशेजारी येऊन संपतो, हे त्या दोन भूकंपांनी दाखवले.

किल्लारीनंतर मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत उभ्या राहिलेल्या घरांचा विचार करताना मला म्हणून सळईच्या ब्रँडपेक्षा तिच्या सांध्याची चिंता जास्त वाटते. ग्राहक टनाचा भाव विचारतो, ५०० की ५५० विचारतो, पावती जपून ठेवतो. मग कॉलमची सळई कमी पडते म्हणून कुणीतरी तुकडा वेल्डिंग करून वाढवतो. रिंगा सरकतात म्हणून तारेऐवजी टॅक मारतो. काही वर्षांपूर्वी स्लॅबबाहेर सोडलेल्या गंजक्या सळयांवर नवा मजला चढवताना वेल्डिंग मशीन बोलावतो. मिलने पाण्याच्या नळकांड्यात कमावलेली ताकद अर्ध्या मिनिटात जाते आणि त्यावर काँक्रीट ओतले की ते पाहायला कुणी उरत नाही. धरणीकंप झाला तरच ते कळणार.

उपाय अवघड नाहीत आणि नवेही नाहीत. सळईवर सळई पुरेशी लांब ठेवून, साधारण जाडीच्या पन्नास पट, तारेने बांधावी. ओढ काँक्रीटमधून एकीकडून दुसरीकडे जाते. सगळे जोड एकाच उंचीवर घेऊ नयेत. जाड सळयांसाठी आटे पाडून बसवायचे कपलर मिळतात. काँक्रीट बांधकामाचे मानक आयएस ४५६ वेल्डिंगचा जोड मान्य करते, पण ताणातल्या सळईत त्याची ताकद सर्वसाधारणपणे मूळ सळईच्या ८० टक्के धरायला सांगते. तेही सळईचा कार्बनतुल्यांक माहीत असताना, योग्य रॉडने, जाणकार वेल्डरकडून आणि नमुना तोडून पाहिल्यावर.

पोलाद बनवणाऱ्या जिल्ह्याकडून म्हणून एक अपेक्षा करावीशी वाटते. सळईच्या बंडलला जसा ताकदीचा शिक्का असतो तसा कार्बनतुल्यांकाचा आकडाही मिलने ठळक लिहावा, जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये वेल्डर शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला एकदा तरी सळईचा चरवलेला छेद दाखवावा. आणि केदारखेड्यात असो वा जालन्यात, ज्याच्या घराचे काम चालू आहे त्याने स्लॅब भरण्याआधीच्या संध्याकाळी एकदा सळयांवरून नजर फिरवावी. कुठे वेल्डिंगचा ठिपका दिसला तर तो तुकडा काढायला लावावा आणि जोड तारेने बांधून घ्यावा. तारेचा खर्च अगदी थोडा आहे.